चौथ्या आठशेला काय करायचं, ते घरून ठरवून या

प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी ट्रॅकवर आठशे मीटरचे सहा, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. पहिले दोन झकास जातात, तिसऱ्याला धाप लागते, चौथा अर्ध्यात सुटतो. घाटातही तेच होतं, पाचव्या किलोमीटरच्या आसपास पाय आपोआप चालायला लागतात. प्रेरणादायी व्हिडिओ पाहून झाले, गाण्यांची यादी तीनदा बदलून झाली. ‘माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? त्या क्षणी स्वतःला पेटवायचं कसं?’

इच्छाशक्तीचं नंतर बघू. आधी आकडे बघू, कारण ते तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. पहिला आठशे ३ मिनिटं ३५ सेकंद, दुसरा ३:४२, तिसरा ३:५५, चौथा पाचशे मीटरला बंद. तुमची सपाट रस्त्यावरची हाफ दोन तासांची. दोन तासांच्या हाफवाल्याने या व्यायामात आठशे साधारण चार मिनिटांत पळावा, पाच-दहा सेकंद इकडेतिकडे. तुम्ही पहिलाच पंचवीस सेकंद लवकर उरकताय. ही उधारी झाली, आणि वसुलीवाला चौथ्या आठशेला येऊन दारात उभा राहतो. मग तुम्ही म्हणता, माझं मन कच्चं.

वीस वर्षं झाली, मी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात लोकांना पळवते आहे. त्याआधी विद्यापीठाकडून पंधराशे आणि तीन हजार मीटर पळायचे. ‘मॅडम, माझ्या मनात जोरच नाही’ असं म्हणत आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातल्या बहुतेकांचं मन ठणठणीत होतं, पहिला किलोमीटर चुकलेला होता. म्हणून पहिली दुरुस्ती रुक्ष आहे आणि ती कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही: पहिला आठशे चार मिनिटं पाच सेकंदांच्या आत आणायचा नाही. तो संपल्यावर ‘एवढंच?’ असं वाटलं पाहिजे. शेजारून एखादा पोरगा भुर्रकन निघून जाईल. जाऊ द्या.

आता खरा प्रश्न. वेग बरोबर ठेवला तरी चौथा जड जाणारच. तो सगळ्यांनाच जातो. मैलाची शर्यत म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकच्या चार चकरा आणि वर नऊ मीटर. या शर्यतीत गेल्या शतकभरात झालेल्या जागतिक विक्रमांच्या चकरावार वेळा दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडून पाहिल्या. सर्वांत संथ चक्कर बहुतेक वेळा दुसरी किंवा तिसरी निघाली. शेवटची संथ निघाल्याची उदाहरणं अगदी हाताच्या बोटांवर. शरीर खरोखरच घड्याळाच्या सेलसारखं संपत जात असतं, तर सर्वांत दमलेली चक्कर शेवटची असायला हवी होती. तिथे तर ही माणसं उलट वेग वाढवत होती. म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत तगड्या धावपटूंचाही सुरुवातीचा ताजेपणा सरलेला आणि शेवट अजून दिसत नाही, अशा मधल्या जागेत वेग पडतो. सहा आठशेंमध्ये ती जागा म्हणजे तिसरा आणि चौथा. आमच्या घाटात चौथा ते सातवा किलोमीटर. तुमचे पाय जिथे सुटतात ती जागा तुमच्या स्वभावातला दोष नाही, तो नकाशावरचा ठिपका आहे. आणि ठिपका कुठे आहे हे माहीत असेल तर तयारी करून जाता येतं.

‘पण मॅडम, तेव्हा पाय खरंच संपलेले असतात’ असं तुम्ही म्हणाल. २०१० मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो या क्रीडाशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. दहा रग्बी खेळाडूंना व्यायामाच्या सायकलवर बसवलं आणि साधारण २४२ वॅटच्या जोरावर, अजिबात होत नाही असं होईपर्यंत पॅडल मारायला लावलं. दहा-बारा मिनिटांत एकेकाने हात टेकले. टेकल्याबरोबर, विश्रांती न देता, सांगितलं की आता फक्त पाच सेकंद जीव खाऊन मारा. सरासरी ७३१ वॅट निघाले. ज्या पायांतून २४२ निघत नव्हते त्याच पायांतून तिप्पट निघाले, कारण पाच सेकंद म्हणजे शेवट डोळ्यांसमोर होता.

याचा अर्थ शरीराला मर्यादा नाही असा कुणी काढू नये. पाच सेकंद आणि दहा मिनिटं यांत फरक आहे, आणि मार्कोरांच्या एकूण मांडणीवर शास्त्रज्ञांत वाद आहेत. मी त्यातून एवढंच घेते: आपण थांबतो तेव्हा पाय बंद पडलेले नसतात, आपण एक निर्णय घेतलेला असतो. आणि तो अत्यंत वाईट वेळी घेतलेला असतो. छाती भात्यासारखी चालली आहे, तोंड कोरडं, पुढे तीनशे मीटर दिसताहेत, आणि अशा वेळी तुम्ही स्वतःला विचारता, ‘करू की नको?’ अहो, त्या अवस्थेतल्या माणसाला विचारलं की चहा घेणार का, तरी तो नाहीच म्हणेल.

तुम्ही विचारलंत, त्या क्षणी पेटवायचं कसं. माझं म्हणणं असं की त्या क्षणी पेटवायचं काही नाही. त्या क्षणी विचारण्यासारखा प्रश्नच शिल्लक ठेवायचा नाही. तो आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, डोकं शांत असताना सोडवून ठेवायचा.

हे करायचं कसं, ते माझ्या वडिलांच्या तालमीतून सांगते. आबा कुस्तीवाले. मुलांना बैठका मारायला लावताना ते पंचवीसचा एक खडा ठेवायचे. पंचवीस झाल्या की एक खडा डावीकडून उजवीकडे. गंमत अशी की डावीकडचा ढीग ते पोरांच्या पाठीमागे ठेवत, उजवीकडचा समोर. ‘किती राहिल्या?’ असं विचारायची सोय नव्हती. पोराच्या डोक्यात फक्त चालू पंचवीस. थांबायचं असेल तर खडा सरकल्यावर थांब, मध्ये सतराव्या-अठराव्या बैठकीला उठून जायचं नाही, हा तालमीचा कायदा. खडा सरकला की पोरगं दोन श्वास घ्यायचं आणि बहुधा पुढच्या खड्याला लागायचं. मी लहानपणी तिथे भिंतीला टेकून बसायचे, तेव्हा मला ते फक्त मोजणं वाटायचं. नंतर कळलं की आबा दोन गोष्टी करत होते. ओझ्याचे तुकडे पाडत होते, आणि सोडण्याची जागा सर्वांत दुखऱ्या जागेपासून हलवून ठेवत होते.

तुमच्या आठशेला हाच कायदा लावा. सोडायची पूर्ण मुभा आहे, पण चौथा आठशे संपल्यावर, विश्रांतीची दोन मिनिटं होऊन गेल्यावर. मध्ये नाही. मध्ये फक्त वेग कमी करायला परवानगी. चार मिनिटांचा सव्वाचार झाला तरी हरकत नाही, पाय पळते राहिले पाहिजेत. दोन मिनिटांनंतरही सोडावंसं वाटलं तर खुशाल बॅग उचला, मी काही बोलणार नाही. माझा अनुभव असा की दोन मिनिटांनी तो माणूस ट्रॅकच्या रेषेवर उभा असतो आणि पाचवा चौथ्यापेक्षा बरा जातो.

दुसरं, एक वाक्य लिहून काढा. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं तर मी तमुक करेन’ अशा आधी बांधून ठेवलेल्या वाक्यांवर बरंच काम केलं आहे. ‘मी नेटाने पळेन’ असा नुसता निश्चय आणि ‘चौथ्या आठशेत दुसऱ्या चकरेचं पहिलं वळण आलं आणि थांबावंसं वाटलं, तर मी खांदे खाली सोडेन आणि शंभर पावलं मोजेन’ असं ठरवणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसऱ्या वाक्यात जागा आहे, खूण आहे, कृती आहे. वाक्य घडायला पाच मिनिटं लागतात. माझ्या तुकडीतल्या एक शिक्षिका ते तळहातावर पेनाने लिहून आणायच्या. पावसात पुसलं जायचं, पण तोवर पाठ झालेलं असायचं.

कृती कोणती निवडायची? शरीरातली, लहान आणि लगेच करता येईल अशी. मुठी सैल करणं. श्वास पूर्ण बाहेर टाकणं (दमलेला माणूस हवा घ्यायच्या नादात सोडायची विसरतो). पावलं लहान करून पटपट टाकणं. आणि चेहरा. केनियाचा मॅरेथॉनपटू इलियुड किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत बेचाळीस किलोमीटर पळाला, तेव्हाची दृश्यं पाहा, मध्येच हसतो. तो मुद्दाम हसतो. पळताना हसण्याचा आणि कपाळाला आठ्या घालण्याचा परिणाम तपासला तेव्हा हसताना त्याच वेगाला किंचित कमी प्राणवायू लागतो असं दिसलं. किंचितच, फार आशा लावू नका. आमच्या घाटात मी हे सांगते तेव्हा लोक जे दात दाखवतात ते बघून समोरून येणारे दुधाचे टेंपोवाले दचकतात. पण दात दाखवताना जबडा सुटतो, जबडा सुटला की मान सुटते, आणि तेवढं पुरतं.

स्वतःशी काय बोलायचं याबद्दल लोकांना माझं म्हणणं आवडत नाही. स्वतःला म्हणायची म्हणून तुम्ही पत्रात ‘लढ’, ‘मोड पण वाकू नको’ असली वाक्यं लिहिली आहेत. ती शेवटच्या दोनशे मीटरसाठी ठेवा. मधल्या भागात ती जाळ करतात आणि विझतात. २०१४ मध्ये सायकलवाल्यांवर झालेल्या एका प्रयोगात दोन आठवडे स्वतःशी बोलण्याचा सराव दिल्यावर लोक दमून थांबेपर्यंतचा वेळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. त्यात प्रत्येकाने स्वतःची वाक्यं स्वतः निवडली होती, आणि सुरुवातीसाठी एक, दमल्यावर दुसरं असे त्यांचे गट केले होते. मला महत्त्वाचा वाटतो तो ‘सराव’ हा शब्द. वाक्य शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढलं तर ते परकं वाटतं. आणखी एका प्रयोगात ‘मी करेन’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘तू करशील’ म्हणणारे दहा किलोमीटरची सायकल किंचित वेगाने चालवून गेले. मला यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे आजी आजारी असताना उठून कामाला लागायची तेव्हा ‘ऊठ गं बाई’ असं स्वतःलाच म्हणायची. ‘मी उठते’ म्हणायची नाही. मी स्वतः चढावर ‘हलकं, हलकं’ एवढंच म्हणते. माझ्या नवऱ्याचा शब्द ‘चाल गड्या’. तुमचा तुम्ही शोधा, पण तो लहान असू दे, दोन पावलांत बसेल एवढा.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही सहज लिहून गेलात ती. ‘ऑफिस सुटल्यावर, साडेसातच्या सुमारास.’ दहा तास मॉनिटरसमोर, त्यात दोन-तीन कॉल, मग वाहतूक, मग ट्रॅक. याच मार्कोरांचा २००९ चा प्रयोग सांगते. सोळा जणांना एकदा दीड तास डोक्याला ताण देणारं संगणकावरचं काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ साधा माहितीपट दाखवला. दोन्ही वेळा नंतर सायकल, दमून थांबेपर्यंत. माहितीपटानंतर सरासरी १२ मिनिटं ३४ सेकंद टिकले, डोक्याच्या कामानंतर १० मिनिटं ४० सेकंद. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या श्रमात वाढणारा पदार्थ), यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शरीर तेच होतं. फक्त डोक्याच्या कामानंतर त्यांना पहिल्या मिनिटापासूनच सगळं जास्त जड वाटत होतं, आणि ‘बास’ची रेषा लवकर गाठली गेली. तुम्ही रोज दीड तास नाही, दहा तास हे करून ट्रॅकवर जाता आणि वर स्वतःला भित्रा म्हणता.

तेव्हा आठवड्यातला हा एकच कठीण व्यायाम सकाळी करा. मंगळवार जमत नसेल तर शनिवार. संध्याकाळी सावकाश पळणं ठेवा, त्याला डोकं ताजं असावं लागत नाही, उलट डोकं ताजं होऊन येतं. सकाळ शक्यच नसेल तर ऑफिस आणि ट्रॅक यांच्यामध्ये वीस मिनिटं काहीही न करता बसा. गाडीत बसून मोबाइल चाळणं म्हणजे काही न करणं नव्हे. आणि दुपारच्या एकच्या डब्यावर साडेसातला इंटरव्हल (म्हणजे हे विश्रांती घेत पळायचे आठशे) मारायला जाऊ नका. साडेपाचला एखादं केळं किंवा गुळाची पोळी पोटात गेली पाहिजे. रिकाम्या पोटी जे निराशेचे विचार येतात त्यांना लोक तत्त्वज्ञान समजतात.

गाण्यांविषयी दोन शब्द. मध्यम श्रमात गाणी खरोखर मदत करतात, श्रम कमी वाटतात. श्रम खूप वाढले की ही मदत घटते, कारण तेव्हा शरीराचा आवाज गाण्यापेक्षा मोठा होतो. म्हणून तुमची यादी बरोबर चौथ्या आठशेला निकामी होते. यादीचा दोष नाही. घाटात मात्र कानात काही घालायचं नाही, हा माझा नियम आहे. धुकं असतं, वळणं आंधळी असतात, सकाळी कासकडे जाणाऱ्या गाड्या असतात. तिथे मोकळे कान हवेत.

घाटाचं वेगळं सांगावं लागेल, कारण ट्रॅकवर चार मिनिटांत सुटका आहे, घाटात नाही. ही शर्यत २०१२ पासून होते, आणि तिचा आराखडा साधा आहे: शहरातून निघायचं, यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं, तिथून वळून तोच रस्ता उतरायचा. पहिला निम्मा भाग मुख्यतः चढाचा, दुसरा उताराचा. फसगत दोन ठिकाणी होते. पहिली, घाट लागण्याआधी शहरात. सातारकर रस्त्यावर उभे राहून ओरडत असतात, अंगात वारं शिरतं, आणि पुण्या-मुंबईचे लोक तिथेच पहिल्या आठशेची चूक करतात. दुसरी, घाटमाथ्यावर. ‘चढ संपला’ असं वाटतं, मन मोकळं होतं, आणि मग पुन्हा चढ. मन एकदा सुटलं की ते परत बांधायला फार त्रास होतो. म्हणून परत फिरायचा ठिकाणा येईपर्यंत चढ संपला असं समजायचंच नाही.

मधल्या वळणांवर वर बघू नका. दिवे घाटात माउलींच्या पालखीबरोबर चालणारे म्हातारे वारकरी पाहा. पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांबच्या टप्प्यांपैकी एक, आणि त्याच्या उत्तरार्धात तो घाट. सत्तरीची माणसं जातात. मी दोनदा दिंडीबरोबर तो घाट चढले, तेव्हा एक धावपटू म्हणून नीट बघत होते. माथा किती लांब आहे हे कुणी मान वर करून मोजत नाही. टाळ आणि पाऊल यांची सांगड आहे, पुढच्याची पाठ दिसते आहे, अभंग संपला की दुसरा सुरू होतो. श्रद्धेचा भाग आहेच, तो मी पळण्याच्या तंत्रात बसवणार नाही. पण लय, सोबत आणि नजर जवळ, या तीन गोष्टी तुम्ही यवतेश्वरला उचलून आणू शकता. नजर पुढच्या दहा पावलांवर. खूण म्हणून विजेचा खांब, नाहीतर पुढचं वळण.

आणि चाला. बिनदिक्कत चाला, फक्त आधी ठरवून चाला. तुम्ही पाचव्या किलोमीटरला ‘आपोआप’ चालायला लागता, त्यात चालण्याने बिघडत नाही, ‘आपोआप’ने बिघडतं. कारण आपोआप सुरू झालेलं चालणं कधी थांबवायचं हे कुणालाच माहीत नसतं, आणि प्रत्येक पाऊल हार म्हणून मोजलं जातं. त्याऐवजी घाट सुरू झाल्यापासून, दम असतानाच, नऊ मिनिटं पळा आणि एक मिनिट झपाझप चाला. चांगल्या चढावर हळू पळणं आणि झपाझप चालणं यांच्या वेगात फारसा फरक राहत नाही, दमात मात्र राहतो. गेल्या काही वर्षांत माझ्या तुकडीतल्या नवख्यांना मी असंच चढवते. मिनिट संपलं की पळायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे ‘करू की नको’ला जागा नसते.

सोबतीबद्दलही एक सावधगिरी. तुमच्यापेक्षा थोडा हळू किंवा बरोबरीचा माणूस धरा. गटातल्या सर्वांत वेगवान मित्राला लटकून गेलात तर तो तुम्हाला दोन किलोमीटर नेईल आणि तिसऱ्याला गळ्यातल्या धोंड्यासारखा वाटेल.

जिममध्ये वजन मारणाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी एवढंच: शेवटच्या दोन आवर्तनांचा त्रास वेगळा आहे. तिथे दम मोडत नाही, आकार मोडतो. पाठ गोल व्हायला लागली की ते आवर्तन झालेलं नाही असं धरा आणि बार ठेवा. मनाच्या जोरावर वाकड्या पाठीने उचललेलं वजन फिजिओथेरपिस्टच्या कामाचं.

कारण आता जो भाग सांगायचा आहे तो मी कधी टाळत नाही. वरचं सगळं धापेसाठी, जळजळणाऱ्या मांड्यांसाठी आणि कंटाळ्यासाठी आहे. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, ठोके वेडेवाकडे पडणं, यांतलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि मदत मागायची. खडा सरकायची वाट बघायची नाही. उन्हात पळताना घाम येईनासा झाला किंवा बोलणं अडखळू लागलं तरी तेच. ताप असताना किंवा डेंगी-चिकनगुनियातून उठल्या उठल्या इंटरव्हल नाहीत. तुमचं वय ३८ आहे, घरात लहान वयात हृदयविकार झालेलं कुणी असेल किंवा रक्तदाब-साखर असेल तर या तयारीआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आणि दुखण्याची एक सोपी ओळख. श्रमाचं दुखणं पसरट असतं, दोन्ही पायांत असतं आणि वेग कमी केला की उतरतं. इजेचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. माझं तसं दाखवता येत होतं. तेवीस वर्षांची होते, आंतरविद्यापीठ स्पर्धा तीन आठवड्यांवर, डाव्या नडगीवर एक जागा, दाबली की डोळ्यांत पाणी. तेव्हाच्या प्रशिक्षकांना सांगितलं तर ते म्हणाले, मन घट्ट कर. मी केलं. मन इतकं घट्ट केलं की हाडाला तडा गेला. स्पर्धा तर गेलीच, पुढचे अडीच महिने पळणं बंद. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पाय माझा होता आणि दुखत होता ते मला कळत होतं. आजही कुणी चढावर लंगडायला लागलं की मी त्याला ‘हलकं, हलकं’ म्हणत नाही, टेंपोत बसवते.

साताऱ्याची म्हणून ललिता बाबरचं एक सांगते. माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे पार करत पळायच्या शर्यतीच्या) पात्रता फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत ९:२२.७४ मध्ये दहावी आली. आपण बातमीत दहावी एवढंच वाचलं. मी ती शर्यत बघताना मधल्या किलोमीटरकडे बघत होते. पहिल्या किलोमीटरला कॅमेरा सगळ्यांवर असतो, शेवटच्याला पुढच्या तिघींवर, मधला कुणी बघत नाही. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या, त्यातल्या कितीतरी त्या कुणी न बघितलेल्या भागात. माझ्या मुलींना मी शर्यतीची चित्रफीत दाखवते तेव्हा तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावते. त्या कंटाळतात. मग मी विचारते, इथे ती काय करते आहे सांगा. उत्तर असं की काही नाही, अडथळा आला की अडथळा पार करते.

या आठवड्याचं तुमचं काम असं. शनिवारी सकाळी साडेसहाला ट्रॅकवर जा, आदल्या रात्री वाक्य लिहून. पंधरा मिनिटं सावकाश, मग आठशेचे सहा नाही, पाच. पहिले दोन ४:०५, पुढचे दोन ४:००, पाचवा जसा येईल तसा. पूर्ण पाच झाले की पुढच्या आठवड्यात सहा. घड्याळात नंतर काय बघायचं तर फक्त पहिल्याची आणि चौथ्याची वेळ, त्यांत दहा सेकंदांहून कमी अंतर असलं पाहिजे. आणि वहीत प्रत्येक आठशेपुढे दहापैकी किती जड गेला तो आकडा. पहिल्यापुढे सहाच्या वर आकडा आला तर वेग चुकला किंवा झोप चुकली, दोन्हींपैकी कुठलं ते तुम्हालाच माहीत.

पहिला आठशे पुन्हा ३:३५ ला आला तर उरलेले करू नका. बूट सोडा, घरी जाऊन पोहे खा, आणि रविवारी परत या.